झोपाळ्याच्या कड्यांवर किती भार येतो? : उभ्या वर्तुळातील गती आणि ऊर्जेचा हिशेब

पुण्याच्या पेठांमध्ये जे थोडे जुने वाडे अजून उभे आहेत, त्यांतल्या काहींच्या माजघरात तुळईला कड्यांनी टांगलेला लाकडी झोपाळा आजही दिसतो. त्यावर बसून एखादे मूल मोठा झोका घेऊ लागले की घरातले कोणीतरी वडीलधारे हमखास म्हणते, "अरे, हळू! कड्या तुटतील." झोका घेतल्याने मुलाचे वजन वाढलेले नसते, तरीही कड्यांवरचा भार वाढतो हे सर्वांना अनुभवाने ठाऊक असते. तो नेमका किती वाढतो, असे विचारले की मात्र घोटाळा सुरू होतो. अकरावी-बारावीची जी मुले माझ्याकडे शंका घेऊन येतात, त्यांच्यापैकी बहुतेक जण हा प्रश्न ऐकल्यावर आधी कड्यांची लांबी विचारतात. उत्तरासाठी ती लागत नाही; आणि ती का लागत नाही हे ज्याला उलगडले, त्याला उभ्या वर्तुळातील गतीची जवळजवळ सगळी गणिते उलगडली, असे मी मानतो.

वर्तुळाकार गतीची ओळख शाळेत होते ती एकसमान गतीने. वस्तू ठरावीक त्रिज्येच्या वर्तुळावर ठरावीक चालीने फिरते, तिची दिशा सतत बदलते, आणि दिशा बदलण्यासाठी केंद्राकडे ओढणारे एक बल लागते. या अभिकेंद्री बलाचे मूल्य म्हणजे वस्तुमान गुणिले चालीचा वर्ग, भागिले त्रिज्या. इथपर्यंत सगळे सरळ आहे. झोपाळ्याची चाल मात्र कधीच ठरावीक नसते. तो टोकाला क्षणभर थांबतो, तळाशी सर्वांत वेगाने जातो आणि पुन्हा मंदावतो. न्यूटनचा दुसरा नियम या क्षणी त्वरण किती आहे एवढेच सांगतो, आणि झोपाळ्याच्या बाबतीत ते त्वरण प्रत्येक क्षणी आकारानेही बदलते व दिशेनेही. त्या क्षणाक्षणाच्या बदलांची बेरीज करून तळाची चाल काढायची तर कलनशास्त्राचा (कॅल्क्युलसचा) आधार घ्यावा लागतो. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम ही सगळी बेरीज टाळू देतो. वस्तू कोणत्या वाटेने आली, तिला किती वेळ लागला, वाटेत त्वरण कसे बदलले, यांपैकी काहीही न विचारता तो फक्त दोन ठिकाणच्या उंचीतला फरक पाहतो आणि चाल सांगतो.

परंतु हा नियम वापरण्याची परवानगी आपल्याला कोणी दिली, हे आधी पाहिले पाहिजे. बहुतेक विद्यार्थी ही पायरी गाळतात, म्हणून मी इथे थोडा थांबतो. स्थितिज (उंचीमुळे असलेली) आणि गतिज (चालीमुळे असलेली) ऊर्जेची बेरीज कायम राहते, ती गुरुत्वाकर्षणाखेरीज दुसरे कोणतेही बल वस्तूवर कार्य करीत नसेल तरच. झोपाळ्यावर तर दुसरे बल आहे, आणि ते लहानही नाही: कड्यांमधला ताण. मग त्याला हिशेबातून वगळायचे कसे? याचे उत्तर कार्याच्या व्याख्येत आहे. बलाच्या दिशेने विस्थापन झाले तरच त्या बलाने कार्य केले असे म्हणता येते. ताण सदैव त्रिज्येच्या रेषेत, म्हणजे केंद्राकडे असतो, आणि झोपाळा सदैव स्पर्शिकेच्या दिशेने सरकत असतो. या दोन दिशा एकमेकींना काटकोनात असल्यामुळे ताण कितीही मोठा असला तरी त्याने केलेले कार्य शून्य भरते. कड्या झोपाळ्याला वळवतात. त्याची चाल त्या वाढवतही नाहीत आणि कमीही करीत नाहीत. गुळगुळीत पन्हळीतून घसरणाऱ्या वस्तूवर पन्हळीचे जे लंबरूप बल असते, त्यालाही हेच लागू पडते. घर्षण आणि हवेचा रोध मात्र गतीच्या नेमके विरुद्ध दिशेने कार्य करतात, म्हणून ते नगण्य आहेत असे गृहीत धरावे लागते.

पुढील विवेचनात वस्तुमानासाठी 'व', चालीसाठी 'च', त्रिज्येसाठी 'त्र', गुरुत्वीय त्वरणासाठी 'ग' आणि उंचीसाठी 'उ' ही अक्षरे वापरली आहेत. वस्तूचे वजन म्हणजे अर्थातच व × ग.

आता झोपाळ्याकडे वळू. मुलाने झोका इतका घेतला की टोकाला कड्या उभ्या रेषेशी ६० अंशांचा कोन करतात. त्या वेळी पाट आपल्या सर्वांत खालच्या जागेपासून कड्यांच्या लांबीच्या बरोबर निम्म्याने वर गेलेला असतो. टोकाला चाल शून्य आहे. तळाशी येईपर्यंत व × ग × त्र / २ एवढी स्थितिज ऊर्जा कमी झाली आणि तेवढीच गतिज ऊर्जा, म्हणजे व × च² / २, निर्माण झाली. दोन्हींची तुलना केली की च² = ग × त्र असे मिळते. ऊर्जेचे काम इथे संपले. तिने चाल सांगितली. ताणाविषयी ती एक शब्दही बोलणार नाही, कारण ताणाला तिच्या हिशेबात स्थानच नव्हते.

ताणासाठी न्यूटनकडे परत जावे लागते, पण आता फक्त एका क्षणापुरते आणि फक्त त्रिज्येच्या दिशेने. तळाशी केंद्र सरळ वर आहे. वर ओढणारा ताण आणि खाली ओढणारे वजन यांतील फरक म्हणजेच अभिकेंद्री बल: ताण − व × ग = व × च² / त्र. च² च्या जागी ग × त्र घातले की उजवी बाजू व × ग होते, त्रिज्या वरून व खालून कटून जाते, आणि ताण वजनाच्या दुप्पट येतो. मूल आणि पाट मिळून ३० किलो असतील, तर तळातून जाताना कड्यांवर ६० किलो टांगल्याइतका भार येतो. झोका ९० अंशांपर्यंत, म्हणजे कड्या आडव्या होईपर्यंत गेला, तर तळाची चाल च² = २ × ग × त्र होते आणि भार तिप्पट होतो. वडीलधाऱ्यांची काळजी रास्त आहे, आणि तिचा आकडा तीन आहे.

लांबी का कटली, हे सूत्राच्या पलीकडे जाऊन पाहण्यासारखे आहे. कड्या लांब असतील तर त्याच कोनासाठी पाट अधिक उंचीवरून खाली येतो, म्हणून तळाची चाल वाढते. पण लांब कड्यांमुळे वाटेचे वळणही अधिक पसरट होते, आणि पसरट वळणासाठी तेवढेच बल कमी लागते. पहिला परिणाम जेवढा वाढवतो, तेवढाच दुसरा कमी करतो. पुण्यातील आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या आवारातील, पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे दाखवणाऱ्या फूकोच्या लोलकासारखा लांब लोलक असो की टाचणीला बांधलेला वीतभर दोरा असो, पाच अंशांच्या झोक्याला दोघांच्याही दोऱ्यातला ताण वजनाहून एक टक्क्यापेक्षाही कमी वाढतो.

हा तीनचा आकडा फार जुना आहे. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी १६७३ साली लोलकाच्या घड्याळावरील आपल्या ग्रंथाच्या शेवटी वर्तुळाकार गतीविषयी तेरा प्रमेये सिद्धतेविना दिली. त्यांतील एक असे की, लोलक वर्तुळाचा संपूर्ण चतुर्थांश उतरून तळाशी आला की तो नुसते टांगून ठेवल्याच्या तिप्पट बलाने आपला दोरा ओढतो. शेवटचे प्रमेय सांगते की, दोऱ्याला बांधलेला गोळा उभ्या वर्तुळात पूर्ण फिरायचा असेल तर तो दोरा सहापट वजन पेलणारा हवा. न्यूटन यांचा गतीच्या नियमांचा ग्रंथ यायला त्या वेळी चौदा वर्षे अवकाश होता आणि 'ऊर्जा' ही संकल्पना आजच्या अर्थाने जन्मलेलीही नव्हती. हायगेन्स यांनी आधार घेतला तो गॅलिलिओ यांच्या शोधाचा: घसरून मिळालेली चाल वाटेवर अवलंबून नसते, फक्त उंचीवर असते. सिद्धता हायगेन्स यांच्या मृत्यूनंतर १७०३ मध्ये छापल्या गेल्या.

तीन आणि सहा हे दोन आकडे वेगवेगळे नाहीत, एकाच नियमाचे आहेत, आणि तो नियम पाठ्यपुस्तकात ठळकपणे दिलेला मला क्वचितच आढळला आहे. वस्तू तळापासून उ एवढी वर गेली की च² हे २ × ग × उ ने कमी होते, त्यामुळे वळण्यासाठी लागणारे बल 'वजन × २ × उ / त्र' एवढ्याने घटते. त्याच वेळी वजनाची भूमिकाही बदलत असते. तळाशी वजन पूर्णपणे केंद्राच्या विरुद्ध दिशेला ओढते, म्हणून ताणाला ते सांभाळून वर वळवण्याचे कामही करावे लागते. केंद्राच्या उंचीला आल्यावर त्रिज्येच्या दिशेने वजनाचा काहीच भाग उरत नाही. आणि माथ्यावर तर वजन स्वतःच केंद्राकडे ओढून ताणाचा भार हलका करते. समरूप त्रिकोणांनी पाहिले तर हा बदल उंचीच्या अगदी प्रमाणात होतो, म्हणजे उ एवढे वर गेल्यावर आणखी 'वजन × उ / त्र' एवढी घट. दोन आणि एक मिळून तीन. वस्तू त्रिज्येएवढी वर गेली की ताण तीन वजनांनी कमी होतो, आणि व्यासाएवढी वर, म्हणजे माथ्यावर गेली की सहा वजनांनी. वस्तू केवढीही असो, चाल कितीही असो आणि दोरा कितीही लांब असो, तळचा आणि माथ्यावरचा ताण यांतील फरक सहा वजनांचाच. यासाठी साइन किंवा कोसाइन लिहावेही लागत नाही.

एवढे हाताशी आले की 'पूर्ण फेरीसाठी तळाशी किमान चाल किती हवी' हा परीक्षेतला नेहमीचा प्रश्न तोंडी सुटतो. दोरा फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून माथ्यावर ताण कमीत कमी शून्य असला पाहिजे, अर्थात तळाशी तो कमीत कमी सहा वजनांएवढा हवा. त्यांपैकी एक वजन गोळ्याला तोलण्यात जाते. उरलेली पाच वळवण्यासाठी. म्हणजे व × च² / त्र = ५ × व × ग, आणि च² = ५ × ग × त्र.

अनेक हुशार मुले इथे पाचऐवजी चार लिहितात. त्यांचा युक्तिवाद असा असतो की माथ्यावर गोळा जेमतेम पोचला, म्हणजे तिथे चाल शून्य; व्यासाएवढी उंची चढायला च² = ४ × ग × त्र पुरे. ऊर्जेच्या दृष्टीने त्यात काहीच चूक नाही. चूक आहे ती ऊर्जेला न पेलणारा प्रश्न विचारण्यात. ऊर्जा एवढेच सांगते की वस्तू या ठिकाणी असेल तर तिची चाल एवढी असेल. वस्तू त्या ठिकाणी वर्तुळाच्या वाटेने पोचेल की नाही, हे ती सांगू शकत नाही. दोऱ्याऐवजी ताठ, हलकी सळई असेल तर ती गोळ्याला खालून आधारही देऊ शकते, माथ्यावर तो खरोखर थांबू शकतो आणि मग चार हेच उत्तर बरोबर ठरते. प्रश्नात 'दोरा' आहे की 'सळई', हा एक शब्द न वाचता सूत्र लिहिणे म्हणजे अर्धा प्रश्न न वाचणे.

मग तळाचे च² हे ग × त्र च्या चार आणि पाच पटींच्या मध्ये, किंवा त्याहूनही कमी असेल तर दोऱ्याला बांधलेल्या गोळ्याचे काय होते? एक उदाहरण पूर्ण करून पाहू. तळाशी च² = ३.५ × ग × त्र आहे असे समजा. तिथला ताण साडेचार वजनांएवढा. दर त्रिज्येमागे तो तीनने घटतो, म्हणजे दीड त्रिज्या वर गेल्यावर शून्य होतो. तिथे च² अजून ०.५ × ग × त्र शिल्लक आहे, म्हणजे गोळा थांबलेला नाही; फक्त दोरा सैल पडला आहे. त्या क्षणापासून गोळा वर्तुळ सोडतो आणि फेकलेल्या दगडासारखा अन्वस्ताच्या (पॅराबोलाच्या) वाटेने जातो. सोडताना त्याची दिशा क्षितिजाशी ६० अंशांवर असते. त्याचा उभा वेग त्याला आणखी वर नेतो, पण आडवा वेग त्याच्याजवळच राहतो. हिशेब केला तर तो तळापासून सुमारे १.६९ त्रिज्यांपर्यंत चढतो. 'सगळी गतिज ऊर्जा स्थितिज झाली' असे धरून काढले तर १.७५ त्रिज्या आले असते. तो उणा भाग हरवलेला नाही. तो आडव्या गतीच्या रूपात गोळ्याजवळच आहे. तळचे च² हे २ × ग × त्र पेक्षा कमी असेल तर गोळा केंद्राच्या उंचीपर्यंतही पोचत नाही आणि दोरा सैल न पडता परत येतो. दोन ते पाच या पट्ट्यातच दोरा सैल पडण्याचा धोका असतो.

गॅलिलिओ यांनी १६३८ च्या ग्रंथात लोलकाचा एक सुंदर प्रयोग वर्णन केला आहे. भिंतीवरील खिळ्याला लोलक टांगायचा आणि त्याच्या दोऱ्याच्या वाटेत, खाली, दुसरा खिळा ठोकायचा. दोरा त्या खिळ्याला अडला की गोळा आता लहान वर्तुळावर वर चढतो, पण चढतो तो सुटताना होता त्याच उंचीपर्यंत. खिळा फारच खाली असेल आणि उरलेला तुकडा त्या उंचीपर्यंत पोचण्याइतका लांब नसेल, तर दोरा खिळ्यावरून पलीकडे उसळून त्याला गुंडाळला जातो, हेही त्यांनी नोंदवले आहे. तुम्ही हा प्रयोग दाराच्या चौकटीवर एक मीटर दोरा आणि लोखंडी नट घेऊन करू शकता. दोरा आडवा ताणून नट सोडला, तर खालच्या खिळ्याभोवती तो पूर्ण फेरी केव्हा मारेल? लहान वर्तुळासाठी तळाशी ५ × ग × त्र हवे, आणि उंचीवरून मिळते २ × ग × उंची. म्हणजे सुटण्याची उंची त्रिज्येच्या किमान अडीचपट हवी. एक मीटर उंचीसाठी त्रिज्या जास्तीत जास्त ४० सेंटिमीटर, अर्थात दुसरा खिळा पहिल्याच्या ६० सेंटिमीटर खाली. प्रत्यक्षात हवेचा रोध आणि दोऱ्याचा लवचिकपणा यांमुळे तो आणखी काही सेंटिमीटर खाली ठोकावा लागेल. या प्रयोगात एक बारीक गोष्ट अवश्य पाहावी. दोरा खिळ्याला टेकण्याच्या क्षणापूर्वी तळाशी ताण तीन वजनांएवढा असतो आणि टेकल्यानंतर लगेच सहा वजनांएवढा होतो, कारण चाल तीच राहिली आणि त्रिज्या अचानक कमी झाली. कमकुवत दोरा तुटतो तो नेमका इथे.

अडीचपटीचा हाच नियम रोलर कोस्टरच्या उभ्या फेऱ्यालाही लागू पडतो. मनोरंजन उद्यानातील फेरा दहा मीटर त्रिज्येचा पूर्ण गोल असता, तर घर्षण सोडून गाडी किमान २५ मीटर उंचीवरून सोडावी लागली असती. माथ्यावर तिची चाल सेकंदाला साधारण ९.९ मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरच्या आसपास, आणि तळाशी ताशी सुमारे ८० किलोमीटर असती. तळाशी प्रवाशाला आसन सहापट वजनाने वर ढकलते. हे सहापट कागदावर सोपे दिसते, मानेवर ते फार होते. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८९५ मध्ये सुरू झालेल्या 'फ्लिप फ्लॅप' या गाडीचा फेरा जवळजवळ पूर्ण गोल होता, आणि प्रवाशांच्या मानेला बसणाऱ्या हिसक्यांमुळे ती कुप्रसिद्ध झाली. चाल कमी करून हा प्रश्न सुटत नाही, कारण मग माथ्यावर गाडी रुळाला धरून राहणार नाही. तो सुटला आकार बदलून. जर्मन अभियंता वेर्नर स्टेंगल यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील एका रोलर कोस्टरसाठी पाण्याच्या थेंबासारखा फेरा आखला: तळाकडे त्रिज्या मोठी, माथ्याकडे लहान. माथ्याची उंची तीच ठेवली तर ऊर्जेच्या हिशेबाने चाल तीच राहते, कारण ऊर्जेला त्रिज्येशी देणेघेणे नाही. त्रिज्या आहे ती दुसऱ्या समीकरणात, आणि तिथे प्रत्येक ठिकाणी सोयीची त्रिज्या निवडण्याची मोकळीक अभियंत्याला असते. ऊर्जेने चाल आणि त्रिज्येने बल, ही विभागणी इतकी स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुले हा फेरा गोटी वापरून करतात. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवायची काळी फोमची नळी पुण्यातल्या तपकीर गल्ली या विजेच्या सामानाच्या बाजाराच्या आसपास किंवा एसीचे सुटे भाग विकणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळते. ती उभी चिरली की दोन पन्हळी होतात. अडीच त्रिज्यांवरून गोटी सोडायची आणि ती माथ्यावरून खाली पडली की 'घर्षण' असे कारण लिहून मोकळे व्हायचे, असे दरवर्षी घडते. घर्षण आहेच, पण पहिले कारण ते नाही. गोटी घसरत नाही, घरंगळते, आणि स्वतःभोवती फिरण्यातही ऊर्जा गुंतते. न घसरता घरंगळणाऱ्या भरीव गोळ्याची एकूण गतिज ऊर्जा व × च² / २ च्या सात पंचमांश असते. हे लक्षात घेतले तर किमान उंची २.५ ऐवजी २.७ त्रिज्या येते, आणि पन्हळीच्या दोन कडांवर टेकून घरंगळणाऱ्या गोटीला तर त्याहूनही थोडी अधिक लागते, कारण त्याच चालीसाठी तिला स्वतःभोवती जास्त वेगाने फिरावे लागते. घर्षणाची भर त्यानंतरची.

दोऱ्याची आणि पन्हळीची गणिते झाली की एक उलटे गणित करून पाहावे. गुळगुळीत, अर्धगोल वाटी ओट्यावर पालथी ठेवा आणि तिच्या माथ्यावरून बर्फाचा छोटा खडा अलगद घसरू द्या. तो वाटीला चिकटून तळापर्यंत येत नाही. मध्येच कुठेतरी वाटी सोडून हवेतून खाली पडतो. कुठे? इथे वाटी खड्याला फक्त बाहेर ढकलू शकते, आत ओढू शकत नाही, त्यामुळे वळवण्याचे काम एकट्या वजनाच्या आतल्या दिशेच्या भागाला करावे लागते. माथ्यापासून उ एवढे खाली आल्यावर वळण्यासाठी 'वजन × २ × उ / त्र' एवढे बल लागते, आणि वजनाचा आतला भाग 'वजन × (त्र − उ) / त्र' एवढाच उरतो. दोन्ही सारखे झाले की वाटीचे बल शून्य होते आणि खडा सुटतो: २ × उ = त्र − उ, म्हणजे उ = त्र / ३. पुन्हा तोच तीन, आणि तो आलाही पूर्वीच्याच कारणाने: दोन भाग वाढत्या चालीचे, एक भाग कलत्या वजनाचा.

आता जिथे हा हिशेब चालत नाही, तेही सांगितले पाहिजे. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील ज्वारीच्या शेतांत पाखरे राखताना गोफण फिरवतात. तिथे मनगट प्रत्येक फेरीला दगडाला ऊर्जा देत असते, म्हणून तळ आणि माथा यांना जोडणारे ऊर्जेचे समीकरण लिहिता येत नाही. पाण्याने भरलेली बादली हाताने उभी फिरवतानाही तेच. पाणी सांडू नये यासाठी माथ्यावर च² किमान ग × त्र हवे ही अट तिथेही खरी आहे, कारण ती त्या एका क्षणाच्या बलांची अट आहे. पण तळाशी पाच असलेच पाहिजे असे नाही. झोका चढवणारे मूल पाय मागेपुढे करते किंवा उठाबशा काढते, तेव्हा तेही ऊर्जा घालतच असते. वरचा झोपाळ्याचा हिशेब ते स्थिर बसून एकदा टोकापासून तळापर्यंत येते तेवढ्यापुरता आहे. जत्रेतल्या 'मौत का कुआ'मध्ये मोटारसायकल एकाच उंचीवर आडव्या वर्तुळात फिरते. तिथे स्थितिज ऊर्जा बदलतच नाही, त्यामुळे ऊर्जेकडून काहीही कळत नाही. ते गणित भिंतीच्या बलाचे आणि घर्षणाचे आहे.

सर्वांत फसवी जोडी मात्र कॅरमच्या बोर्डावर पाहता येते. पावडर टाकलेल्या बोर्डावर दोरा बांधलेला स्ट्रायकर फिरतो आहे अशी कल्पना करा. पहिल्या प्रकारात दोऱ्याचे दुसरे टोक मधोमध घट्ट उभ्या केलेल्या पेन्सिलीला बांधले आहे, आणि स्ट्रायकर फिरता फिरता दोरा पेन्सिलीला गुंडाळत जातो. दुसऱ्या प्रकारात बोर्डाच्या मध्यभागी एक भोक आहे, दोरा त्यातून खाली गेला आहे, आणि खालून कोणीतरी तो हळूहळू ओढतो आहे. दोन्हींत त्रिज्या कमी होते, दोन्हींत वरून पाहता स्ट्रायकर आत आत येत फिरतो. तरीही पहिल्या प्रकारात ऊर्जा कायम राहते आणि कोनीय संवेग (मध्याभोवती फिरण्याचे माप; वर्तुळावर ते वस्तुमान × चाल × त्रिज्या एवढे असते) राहत नाही. दुसऱ्यात कोनीय संवेग कायम राहतो आणि ऊर्जा राहत नाही. निवाडा करायला तोच सुरुवातीचा प्रश्न पुरतो: ताण गतीला काटकोनात आहे का? गुंडाळणाऱ्या दोऱ्याचा सरळ भाग प्रत्येक क्षणी पेन्सिलीला जिथे टेकतो, त्या बिंदूभोवती स्ट्रायकर फिरत असतो, म्हणून तो काटकोन टिकतो आणि चाल बदलत नाही. तो टेकण्याचा बिंदू मात्र पेन्सिलीच्या मध्यावर नसतो, म्हणून कोनीय संवेग घटतो. भोकातून ओढताना स्ट्रायकर खरोखर दोऱ्याच्या दिशेने, आत सरकतो, काटकोन मोडतो आणि ताण कार्य करतो. त्रिज्या निम्मी झाली की पहिल्या प्रकारात चाल तीच राहते आणि ताण दुप्पट होतो. दुसऱ्यात चाल दुप्पट, गतिज ऊर्जा चौपट आणि ताण आठपट होतो, आणि वाढलेली तिप्पट ऊर्जा खालून दोरा ओढणाऱ्या हाताने दिलेली असते.